श्वासाची मात्रा

दसरा उलटला की जिंतूर तालुक्याच्या शिवारात कापूस वेचणीला वेग येतो. दिवसभर ओणवे राहून वेचणी करणाऱ्या आयाबहिणींची पाठ-कंबर रात्री ठणकू लागते आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीवर दुसरा दिवस उभा राहतो. प्रसंगी घेतलेली गोळी हा काही अपराध नव्हे. पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतलेल्या अशा गोळ्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडांना इजा पोहोचवतात.

या कष्टकरी स्त्रियांच्या हाती आपण काय देणार? संथ, दीर्घ श्वसन हे एक बिनखर्चाचे साधन आहे. वेदनेने माणूस घाबरतो, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात आणि वेदना अधिकच बोचते. मिनिटाला साधारण सहा श्वास, आणि आत घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ, एवढे साधले की हृदयाची गती मंदावते, ताण सैलावतो आणि हे चक्र तुटू लागते.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना उष्णतेचे चटके देण्यात आले. श्वासाची गती निम्म्यावर आणल्यावर निरोगी स्त्रियांना वेदना कमी जाणवली. जुनाट अंगदुखी असलेल्या साऱ्याजणींना मात्र तो लाभ सारखा झाला नाही. ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राणायाम आपला आहे, म्हणून तो सर्व रोगांवरचा रामबाण ठरत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ते योग प्रयोगशाळेत पारखून घेण्यासाठीच. परंपरेचा खरा अभिमान कसोटीला भीत नाही.

म्हणूनच छातीत दुखणे, पायातील बळ जाणे, तापासह पाठदुखी अशा वेळी श्वास मोजत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. श्वसन हे उपचाराला साह्य आहे, पर्याय नव्हे.

योगदिनी मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात, त्या आनंदाच्याच. परंतु योगशिक्षकाने वेचणीच्या दिवसांत बांधावर जाऊन, भाकरीच्या सुटीत दहा मिनिटे हे शिकवले, आशाताईंनी गोळ्यांचे धोके समजावले, तर योग त्याच्या खऱ्या अधिकारिणीपर्यंत पोहोचेल. तिची वेदना सोसण्याची ताकद आपण पुष्कळ गौरवली. आता ती वेदना कमी करण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.