वाचलेला वेळ कुणाचा?

माउली, हल्ली कीर्तनाच्या मांडवातही ऐकू येते : नेट आले, आता कोकणचा चाकरमानी घरी बसून मुंबईची नोकरी करील आणि कामही दुप्पट होईल. मला हे पटत नाही. का, ते आमच्या अंजनवेलीतूनच सांगतो.

आमच्या गावाला लागून दाभोळ वीज प्रकल्प आहे. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली थांबला. यंत्रे तर नवी कोरी होती. अडले ते विजेच्या दरावर आणि थकलेल्या बिलांवर, म्हणजे माणसांनी माणसांशी केलेल्या करारावर. एवढे मोठे यंत्र, पण वर्षानुवर्षे त्यातून एक दिवा लागेना!

पुढे २०२०ची टाळेबंदी आली. पोरे लॅपटॉप घेऊन गावी आली, रेंज मिळेल त्या पडवीत बसली. कामे अडली नाहीत. साथ ओसरल्यावर मात्र अनेकांना परत बोलावणे आले. मधल्या काळात नेट बिघडले होते का? उलट सुधारलेच होते. बदलले ते साहेबाचे मन.

यंत्राचा उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही. धोपाव्याची फेरीबोट नसती तर गाडीने दाभोळला जायला चिपळूणचा वळसा पडता. वेळ वाचतो, खरेच वाचतो. पण तो कुणाच्या पदरात पडावा, हे बोट ठरवीत नाही. घरून काम करणाऱ्या पोराचा लोकलचा तास वाचला, तो कचेरीने घेतला. त्याची आई मीटिंग संपेपर्यंत मिक्सर लावत नाही, चारदा चहा नेऊन देते. तिचे काम कुठल्या तक्त्यात भरतात, सांगा बरे?

दूर राहून केलेली सेवा आपल्याला नवी नाही. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. म्हणून विठुरायाची पालखी आजही अरणला जाते. तिथे हजेरी लावणारे कोणी नव्हते.

गेल्या वारीत विसाव्याला आमच्या दिंडीतला एक तरुण लिंबाखाली बसलेला दिसला. मांडीवर लॅपटॉप, बाजूला टाळ. मी विचारले, "रजा नाही घेतलीस, माउली?"

"मागितली होती. साहेब म्हणाले, कुठूनही काम करता येते ना, मग रजा कशाला?"