दिव्यातले तेल आणि बहिणीचा हिस्सा

कयामत कधी येणार, ही चर्चा आपल्या मोहल्ल्यात वर्षभर चालू असते. कुठे भूकंप झाला, ग्रहण लागले, युद्ध पेटले की मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागतात. अमुक निशाणी पूर्ण झाली, आता थोडेच दिवस उरले, असे सांगणारे मौलाना कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. व्हिडिओ पुढे पाठवला की दीनचे काम केल्याचे समाधान मिळते.

हा आजार फक्त आपल्यातच आहे असे नाही. ख्रिस्ती जगातही तो जुना आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा येशूंच्या पुनरागमनाचा दिवस मानला होता. काहींनी तर शेतातले उभे पीकही काढले नाही. अलीकडे हेरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. दोन्ही दिवस उजाडले आणि मावळले. खरे तर बायबलमध्येच मत्तयच्या शुभवर्तमानात येशू स्पष्ट सांगतात की तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. कुरआनातही सूरह आराफमध्ये हेच आहे: त्या घटकेचे ज्ञान केवळ अल्लाहजवळ आहे. म्हणजे तारीख शोधणारा माणूस, मग तो चर्चमधला असो की मशिदीतला, आपल्याच ग्रंथाच्या विरुद्ध जातो.

हजरत ईसा (अ.) पुन्हा येणार, ही आपलीही श्रद्धा आहे. ते कोण होते याबाबत ख्रिस्ती बांधवांत आणि आपल्यात मूलभूत फरक आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण वाट कशी पाहावी, या प्रश्नावर दोन्हीकडची शिकवण इतकी जवळ येते की तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशूंची दहा कुमारिकांची दृष्टान्तकथा आहे. वराला यायला उशीर होतो. दहाही जणींना झोप लागते. मध्यरात्री हाक येते तेव्हा पाच जणींजवळ दिव्याचे जादा तेल असते, पाच जणींजवळ नसते. त्या तेल मागतात, पण मिळत नाही. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की झोपल्या सगळ्याच होत्या. फरक झोपेचा नव्हता, आधी करून ठेवलेल्या तयारीचा होता. आणि ही तयारी ऐनवेळी उसनी मिळत नाही.

आता आपल्याकडची हदीस पाहा. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, कयामत कधी येणार? प्रेषितांनी (स.) तारीख सांगितली नाही, उलट विचारले की तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस? दुसऱ्या एका हदीसमध्ये तर, हातात खजुराचे रोप असताना कयामत येऊन ठेपली, तरी शक्य असल्यास ते रोप लावून टाका, अशी शिकवण आहे. ज्या झाडाचे फळ कुणी खाणार नाही, तेही लावायचे. शेवट जवळ आला म्हणून काम सोडणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर कोणते?

मराठीत या विषयावर मनापासून विचार करणारा एक माणूस आपल्या रायगड जिल्ह्यातलाच होता. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांनी कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली आणि पुढे कुरआनातील निवडक आयतींचे संकलन केले. 'ख्रिस्तधर्म सार' हे बायबलमधील वचनांचे संकलनही त्यांचेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यातले आठव्या अध्यायावरचे प्रवचन मरणाच्या घडीविषयी आहे. माणसाच्या मनात शेवटच्या क्षणी तेच येते, जे त्याने आयुष्यभर घोळवलेले असते, असा त्याचा आशय. कर्मांचा निकाल अखेरीवर लागतो, असे आपल्या हदीसमध्येही आहे. तीन परंपरा, तीन भाषा, पण तेल आधीच भरून ठेवा, हे सांगणे एकच.

विनोबांशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांच्या परंपरेत याला मान आहे. इस्लाममध्ये मात्र जीव ही अल्लाहची अमानत आहे. आजारात इलाज करणे ही आपल्याला शिकवण आहे आणि जाण्याची वेळ आपण ठरवायची नाही. पण मरणाला न घाबरता सामोरे जाण्याची त्यांची आयुष्यभराची तयारी नाकारता येत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने वाट पाहणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन्‌तास प्रार्थनेत बुडून जात. पण याच संस्थेत छापखाना होता, विणकाम होते, शेती होती, शेकडो जणींचा स्वयंपाक होता. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलच्या भाषांतराला वर्षानुवर्षे लागल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी त्यांचे काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्या कामात असतानाच. त्यांनी धर्म बदलला याबद्दल ज्याला जे म्हणायचे ते म्हणो, पण वाट पाहणारा माणूस रिकामा बसत नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आमच्या पेणमध्ये गणपतीचे कारखाने आहेत. चतुर्थीची तारीख पंचांगात छापलेली असते, तरी कारागीर कित्येक महिने आधी कामाला लागतात. ज्याची तारीख ठाऊक आहे त्याची एवढी तयारी, मग ज्याची तारीख ठाऊकच नाही त्याची तयारी किती हवी?

ही तयारी म्हणजे नेमके काय, तेही त्याच पंचविसाव्या अध्यायात आहे. न्यायाच्या दिवशी राजा विचारेल तो प्रश्न निशाण्यांचा नसेल. भुकेल्याला जेवू घातले का, तहानलेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला गेलात का, हे विचारले जाईल. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये अल्लाह त्या दिवशी माणसाला विचारतो की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? आणि मग उलगडते की आजारी होता तो अल्लाहचाच एक बंदा. इतके साम्य आहे दोन्हीत.

म्हणूनच मला एक प्रश्न कयामतच्या व्हिडिओंपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. आपल्या रायगडात जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. वडील वारले की सातबाऱ्यावर वारसांची नोंद करण्याची वेळ येते आणि मग बहिणीला माहेरी बोलावले जाते, मटणाचे जेवण होते, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. 'आपा, तुला काय कमी आहे?' असे गोड बोलले जाते. नाही म्हणाली तर माहेर तुटते, म्हणून ती सही करते. मनापासून सोडलेला हक्क वेगळा आणि लाजेखातर, भीतीपोटी सोडायला लावलेला हक्क वेगळा. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे, तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला नाही.

विनोबा १९५१ पासून गावोगाव चालत जमीनदारांना म्हणत होते की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. परक्या माणसाने मागितले आणि लोकांनी एकरच्या एकर दिले. आपल्या घरात तर मागावेही न लागणारी वारस आहे, आणि तिचा हिस्सा आपण कागदावर पुसून टाकतो. असा माणूस रोज फजरनंतर दज्जालच्या निशाण्या पाठवत असेल तर त्याच्या दिव्यात तेल कुठून येणार? अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबेचे दार उघडे आहे. पण माणसाचा हक्क त्या माणसाला परत दिल्याशिवाय किंवा त्याने खुशीने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे.

वाचकहो, वसीयत करण्यासारखे काही असेल तर ती लिहून न ठेवता दोन रात्रीही जाऊ देऊ नका, अशी हदीस आहे. तयारी याहून सोप्या शब्दांत कुणी सांगितलेली नाही. तेव्हा या आठवड्यात तीन कामे करू या. कुणाकुणाचे देणे आहे, बायकोचा मेहर बाकी आहे का, हे कागदावर लिहून घरात कुणाला तरी दाखवू या. वारसाचा हिस्सा वसीयतीने कमी करता येत नाही, हे ध्यानात ठेवून वसीयत लिहू या. आणि घरचा सातबारा काढून त्यावर बहिणीचे नाव आहे की नाही ते पाहू या. नसेल तर वारसनोंदीचा अर्ज द्यायला बहिणीला बरोबर घेऊन जाऊ या.

कयामत उद्या येवो की हजार वर्षांनी, आपली आपल्यापुरती कयामत डोळे मिटताच सुरू होते. त्या वेळी मोबाइल हातात नसेल. सातबारा मात्र मागे राहील, आणि त्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, हे सर्वांना दिसेल.