बाकी किती?

माझी भाची मुंबईहून एम.ए. करायला लेस्टरला गेली, तेव्हा फीचा आकडा ऐकून माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी दचकला होता. महिन्याभरात तिचा फोन आला, ‘मामा, मी आठवड्यातून एक सकाळ इथल्या प्राथमिक शाळेत जाते. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत करायला. पगार नाही हं!’

मी चिडलो. एवढी फी मोजायची आणि वर फुकट राबायचे? शिवाय दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी इंग्रजांच्या देशात काय इंग्रजी शिकवणार?

तिच्याजवळ दीवचा एक मुलगा बसे. १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजोबा-आजींच्या आधारे गोवा, दमण, दीवची अनेक कुटुंबे पोर्तुगीज पासपोर्ट मिळवून इंग्लंडला गेली. त्यांतलेच हे एक. घरची भाषा गुजराती. गणित होते : बारा सफरचंदांपैकी पाच खाल्ली, ‘हाउ मेनी आर लेफ्ट?’ पोराने डावा हात वर केला. वर्ग हसला. भाचीने मोडक्या गुजरातीत विचारले, ‘केटला बाकी रह्या?’ तत्क्षणी उत्तर आले, सात.

जो शब्द मी जन्मभर खातेवहीत लिहिला, त्या ‘बाकी’ने त्या पोराची अब्रू राखली. त्याला गणित येत होते. अडले होते ते एका शब्दापाशी. हे भाचीला कळले, कारण अकरावीत सगळे विषय एकदम इंग्रजीत आल्यावर तीही शेवटच्या बाकावर अशीच गप्प बसली होती. तिची खरी पात्रता ही! आणि ‘घरात मराठी नको, म्हणजे इंग्रजी पक्के होईल,’ असे मुलाला दटावणारा मी किती चुकलो, तेही मला त्या फोनवर उमगले.

पण म्हणून स्वयंसेवकांच्या जिवावर शाळा चालवाव्यात काय? मुळीच नाही. इंग्लंडच्या शाळांत पाचांत सुमारे एका मुलाची पहिली भाषा इंग्रजी नाही. या कामासाठी पूर्वी वेगळे राखून ठेवलेले अनुदान २०११मध्ये शाळांच्या सर्वसाधारण निधीत विलीन झाले. अशा मुलामागे जादा निधी मोजला जातो तो पहिली तीनच वर्षे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी तर दाखवून दिले आहे, की बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते. पुस्तकातली भाषा मुरायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि भाचीचा अभ्यासक्रम एका वर्षाचा!

अशा विद्यार्थ्यांनी शाळेत जरूर जावे. मुलांइतकेच त्यांचेही त्यात भले आहे. पण शेजारी बसणारी ताई वेगळी आणि वर्षानुवर्षे टिकणारा प्रशिक्षित शिक्षक वेगळा. भाची परत आली. तो मुलगा तिथेच आहे. सातांतून तीन गेले, तर बाकी किती? हा हिशेब मात्र सरकारनेच करायचा आहे.