भाड्याच्या घरातले ऊन पाणी : गॅस परवडतो की वीज?



दिवाळी सरली आणि सकाळचे पाणी अंगाला झोंबू लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गॅसचा गीझर घ्यावा की विजेचा? विचारणारी बहुतेक मंडळी भाड्याने राहणारी असतात. स्वतःचे घर असलेल्याला हा प्रश्न सोपा आहे. भाडेकरूचे तसे नाही. भिंत मालकाची, मीटर मालकाचा, वायरिंग मालकाचे, आणि अकरा महिन्यांनी बिऱ्हाड कुठे असेल याचा नेम नाही. तेव्हा दुकानदाराचा सल्ला क्षणभर बाजूला ठेवून आपण आधी हिशेब करू. आम्ही कारकून माणसे, आकड्याशिवाय आमचे पान हलत नाही.

वीस लिटरची एक बादली घ्या. थंडीत नळाचे पाणी साधारण २० अंश धरले आणि अंघोळीला ४० अंश हवे म्हटले, तर एका बादलीला विजेचे सुमारे अर्धे युनिट लागते. नागपूर-अमरावतीकडे पाणी जास्त गार, तिथे थोडे अधिक लागेल. आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून चांगल्या गीझरवर अशा सुमारे तीनशे बादल्या निघतात. तेच पाणी शेगडीवर पातेल्यात तापवले तर अडीचशेच्या आत, कारण बरीचशी आच पातेल्याच्या बाजूने निघून जाते. म्हणजे गीझरपुरते बोलायचे तर एक सिलिंडर बरोबर दीडशे युनिटे. एवढे सूत्र पाठ करून ठेवा. सिलिंडरच्या किमतीला १५० ने भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना घरपोच पडतो, तर उत्तर आले ६ रुपये. तुमचे युनिट सहा रुपयांहून स्वस्त पडत असेल तर वीज परवडते, महाग पडत असेल तर गॅस.

पण युनिट कितीला पडते हे पाहताना पुष्कळांची गफलत होते. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून चालत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त. गीझरची युनिटे ही वरची भर असते. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर महिन्याला ७५ युनिटे होतात. ज्या घराचे बिल आधी ८० युनिटांचे होते ते १५५ वर जाते, आणि त्या ७५ पैकी ५५ युनिटे वरच्या दराने लागतात. बिलाच्या कागदावर वीज आकार आणि वहन आकार वेगवेगळे दिलेले असतात, ते दोन्ही मिळवा, वर शेकडा १६ वीज शुल्क धरा, म्हणजे खरा भाव कळेल. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांना एका युनिटात सतरा-अठरा बादल्या मिळतात. मात्र सिलिंडरवरचा गीझर पाइपच्या गॅसला तसाच जोडू नये, त्याचा जेट वेगळा असतो.

हा झाला सरळ मीटरवाल्यांचा हिशेब. आपल्यातली कितीतरी बिऱ्हाडे मालकाच्या सब-मीटरवर असतात. चार-पाच खोल्यांची वीज एकाच मीटरवर चालली की सगळ्यांची युनिटे एकत्र होऊन वरच्या दरात जातात, आणि मालक त्यावर आपला आकडा लावून सरसकट १२ रुपये युनिट सांगतो. अशा ठिकाणी ७५ युनिटांचे ९०० रुपये होतात, आणि गॅसचे अर्ध्या सिलिंडरचे ४५०. मग माणूस गॅसचा गीझर घेतो, त्यात त्याची चूक नाही. पण स्वतंत्र मीटर मागता येतो हे किती जणांना ठाऊक आहे? वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कोणीही वीज मागू शकतो. मालक ना-हरकत दाखला देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मे २०२२ मध्ये सांगितले आहे. जागेत तुमचा ताबा आहे का, एवढेच वीज मंडळींनी पाहायचे. भाडेकरूची वीज किंवा पाणी मालकाने तोडणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ ने मना आहे. अर्ज टाइप करून द्यावा, पोच घ्यावी.

आता जिवाचा हिशेब. विजेत सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे रॉड. तो बिऱ्हाडाबरोबर पिशवीत जातो, म्हणून भाडेकरूचा लाडका. जिथे तासभर पाणी येते आणि पिंपात भरून ठेवावे लागते, तिथे गीझर चालतच नाही, रॉड नाहीतर शेगडी एवढेच उरते. पण १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि आपल्या खोल्यांत टीव्ही-पंख्याचा सहा अँपिअरचा बारीक पॉइंट असतो. दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ, तीन हजारचा तेरा अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनेचा पॉइंट, वेगळी तार आणि खरे अर्थिंग लागते. खरे म्हणण्याचे कारण, तिसऱ्या भोकात तारच जोडलेली नाही अशा खोल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. जागा बघायला जाल तेव्हा ओळखीचा वायरमन बरोबर न्या आणि तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा शॉकपासून वाचवणारा खटका मिळतो, ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात. गीझरपेक्षा आधी तो बसवावा. रॉड लावलेल्या पाण्यात बोट घालून पाहू नये, बादली प्लास्टिकची असली तरी नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, मग पाण्याला हात.

विजेचा धोका लोकांना माहीत तरी आहे. गॅसचा धोका डोळ्यांना दिसत नाही. सहा लिटरचा गीझर दहा मिनिटे पेटला तर जळण्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवेतला प्राणवायू खातो. चार फूट बाय चार फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात हवा असते साडेतीन घनमीटर. दार बंद, खिडकी नाही, आणि आत अंघोळ करणारा माणूसही त्याच हवेवर. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात. माणसाला कळत असते पण उठून कडी काढवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका बिऱ्हाडातली कॉलेजात जाणारी मुलगी दोनदा न्हाणीघरात पडली. शेजारणींनी फीट म्हटले, एकीने चप्पल हुंगवली, एकीने तर उतारा टाकायला सांगितले. आपल्या वस्तीत अजून उतारा सुचतो याचे आम्हाला वाईट वाटले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गीझर कसला आहे? मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी या प्रकाराला गॅस गीझर सिंड्रोम असे नावच दिले आहे. मुलगी वाचली, कारण आतली कडी मोडकी होती. त्या घराने मालकाकडे भिंतीला झडप पाडायची परवानगी मागितली होती का, असे आम्ही विचारले. आई म्हणाली, "खोली मिळता मिळता चार महिने गेले, भाऊ. आडनाव ऐकून सहा जणांनी नाही म्हटले. आता भोक पाडू द्या म्हणायचे कोणी?"

हे ऐकून आम्ही गप्प झालो. पण गप्प राहण्यासारखी ही गोष्ट नाही. मालकाला उपकार मागायचा नाही. झडपेने त्याचेच न्हाणीघर कोरडे राहते, भिंतीचा पोपडा पडत नाही, असे सांगून पाहावे. कागदावर मागावे. आणि नाहीच म्हणाला तर गॅसचा गीझर न्हाणीघरात बसवायचाच नाही, तो कितीही स्वस्त पडो. बाहेर गॅलरीत किंवा उघड्या पडवीत बसवून पाइप आत न्यावा. तेही जमत नसेल तर बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार पाच मिनिटे उघडे ठेवावे, मगच आत जावे. गीझर पेटता ठेवून दार लावायचे नाही, हा नियम घरातल्या लहानथोरांना एकच. कोणी आत पडलेच तर आधी दार सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, आणि दवाखान्यात गेल्यावर गॅसचा गीझर चालू होता हे डॉक्टरांना न विसरता सांगा. प्राणवायू लगेच लावता येतो.

आमचे मत विचाराल तर स्वतःचा मीटर आणि अर्थिंग असलेल्या घरात विजेचा छोटा गीझर बरा, महिन्याला शे-दोनशे जास्त गेले तरी. मालकाच्या सब-मीटरवर असाल आणि बाहेर जागा नसेल तर सरळ शेगडी वापरा. पाच लिटर पाणी उकळा, झाकण ठेवून. बादलीत आधी पंधरा लिटर गार पाणी भरून त्यात ते ओता, वीस लिटर पाणी अंघोळीपुरते ऊन होते. अख्खा हंडा उकळून मोरीपर्यंत नेण्यात लेकरे भाजतात. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी असू द्या.

गीझर घेतलाच तर आय.एस.आय. खूण आणि पावती पाहून घ्या, आणि तो भाडेकरूचा आहे, जाताना नेईल, अशी एक ओळ करारनाम्यात घाला. काढून नेताना नळाची तोंडे बूच लावून बंद करून द्या, भिंतीची भोके सिमेंटने बुजवा आणि मालकासमोर फोटो काढा. अनामतीतून हजार-दोन हजार कापले जातात ते बहुधा याच भोकांच्या नावाखाली.