पडलेला भाव आणि न ठरलेले देणे

बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. यजमान निवृत्त झाले आहेत. न्यायालयीन दाव्यांत सापडलेल्या एका कंपनीच्या समभागाचा भाव निम्म्यावर आला आहे. तेव्हा धाकटीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवलेली ठेव मोडून तो घ्यावा, असा थोरल्या चिरंजीवांचा आग्रह आहे. भगिनी विचारतात, घ्यावा काय?

भाव निम्मा झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाली, हे लुगड्याच्या बाबतीत खरे. समभाग म्हणजे कंपनीची सारी देणी फेडून जे उरेल, त्यातील वाटा. म्हणून भाव किती पडला यापेक्षा देणे किती, हे आधी पाहावे.

अमेरिकेतील दोन उदाहरणे बोलकी आहेत. १९६३ साली न्यू जर्सीतील एका तेलव्यापाऱ्याच्या टाक्यांत बहुतांशी पाणीच निघाले. त्या मालाच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या गोदाम-कंपनीने दिलेल्या होत्या. धनकोंनी तिला धरले आणि समभाग साठ डॉलरांवरून पस्तिसांवर आला. वॉरन बफे यांनी ओमाहातील उपाहारगृहांत व दुकानांत जाऊन पाहिले, तो लोक त्या कंपनीची कार्डे पूर्वीप्रमाणेच वापरीत होते. फसवणूक एकदाच घडलेली, पावत्या मोजलेल्या. कंपनीने सहा कोटी डॉलर देऊ केले, तडजोड झाली आणि बफे यांना मोठा लाभ झाला.

दुसरी कंपनी मॅनव्हिल. मालमत्ता भरपूर, परंतु ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत गेल्यावर रोग दिसावयास वीस-तीस वर्षे लागतात. सोळा हजारांवर दावे दाखल होते, पुढे किती येतील याची गणती नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. १९८८ साली ती त्यातून बाहेर पडली, तेव्हा मालकीचा मोठा हिस्सा रोगपीडितांच्या निधीकडे गेला, आणि ते न्याय्यच होते. जुन्या भागधारकांच्या हाती फार थोडे उरले.

तेव्हा चिरंजीवांनी प्रथम कंपनीचा वार्षिक अहवाल मागवावा. हिशेबाच्या टिपांत संभाव्य देण्यांची नोंद असते. ती रक्कम कंपनीच्या वर्षाच्या नफ्याशी ताडून पाहावी. दावा एकच आहे, की दावेदार रोज वाढत आहेत? ज्या मालावरून खटला उभा राहिला, त्यावरच कंपनीचा सारा धंदा चालतो काय? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर भाव कितीही पडो, त्या वाटेला जाऊ नये.

उत्तरे समाधानकारक मिळाली, तरी भगिनींनी ठेव मात्र मोडू देऊ नये. चिरंजीवांनी स्वतःच्या बचतीतून, बुडाली तरी घराला झळ लागणार नाही एवढीच रक्कम गुंतवावी. खटल्याला तारखांवर तारखा पडत राहतात. धाकटीच्या महाविद्यालयाची फी मात्र ठरल्या दिवशीच भरावी लागते.