झिंग्यांच्या मापाने पेटी

गप्पी, टेट्रा आणि जोडीला दोन एंजल अशी माशांची नांदती पेटी घरात असते. मग कुणीतरी पुण्याहून लालभडक चेरी श्रिम्प आणून त्यात सोडतं. आठवडाभरात ते दिसेनासे होतात आणि निकाल लागतो, ‘आपल्याकडचं पाणी त्यांना मानवत नाही.’ तळेगाव ढमढेरेत हे इतक्या वेळा कानावर आलंय की आज मी पाण्याची बाजू मांडणार आहे.

आमचं बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाला पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही. पण चेरी श्रिम्पला जडपणाचं वावडं नाही. हा जेमतेम इंच-सव्वा इंचाचा झिंगा कात टाकत वाढतो आणि नवं कवच घट्ट व्हायला त्याला कॅल्शियम लागतं. चांगलं म्हणून नुसतं आरओच्या जारचं पाणी भरलं, तर क्षारांअभावी कात नीट सुटत नाही. मानेपाशी पांढरं कडं दिसतं आणि बहुतेक झिंगे त्यातच जातात. जारचं पाणी उपयोगी पडतं ते उन्हाळ्यात. वाफ होऊन पेटीतलं पाणी उतरतं, क्षार मात्र मागेच राहतात. तेवढी घट जारच्या पाण्याने भरून काढावी.

झिंग्याचा खरा वैरी तांबं. डाळिंबावर बोर्डो मिश्रण फवारून आलेला माणूस हात न धुता पेटीत घालतो, तेव्हा त्यातल्या मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचा, अंश पाण्यात उतरतो. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. मासा ते सोसून जातो, झिंगा नाही. कीटकनाशकाचं तर विचारूच नका: किडा आणि झिंगा दोघेही संधिपाद, त्यामुळे किड्यावरचं औषध झिंग्यालाही भोवतं. ज्या घरात फवारणीचा पंप आहे, तिथे पेटीसाठी वेगळी बादली आणि वेगळा मग हवाच.

पाणी सांभाळलं तरी एंजल उरतोच. जे तोंडात मावेल ते तो गिळतो, त्यात त्याचा दोष नाही. मिश्र पेटीत आपण आधी मासे निवडतो आणि झिंगे वरून टाकतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी जावा मॉसचं दाट जंगल, स्पंज फिल्टर, महिना-दीड महिना मुरलेलं पाणी, मग झिंगे. त्यांचा संसार लागला की मासे, तेही लहान तोंडाचे. गप्पीसुद्धा पिल्लं टिपतातच, पण मॉस दाट असेल तर पुरेशी वाचतात.

अंड्यावर आलेली मादी जवळून बघा. पोटाखालच्या पायांत पिवळसर अंड्यांचा घोस असतो. ती पाय सतत हलवून त्यांना ताजं पाणी देत राहते, मधूनच एखादं अंडं सरकवून पुन्हा बसवते. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात ती थेट आईच्याच रूपात, जेमतेम दोन मिलिमीटरची. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी 1980च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी पेट्यांमध्ये रुजवलेल्या अमानो झिंग्याचं तसं नाही; त्याच्या पिल्लांना सुरुवातीला खारं पाणी लागतं, म्हणून आपल्या पेटीत त्याचा वंश वाढत नाही. ज्याला पिढ्या बघायच्या आहेत, त्याने चेरीच पाळावा.

मे महिना मात्र जड जातो. पाणी तिशीपार गेलं की त्यातला प्राणवायू घटतो. पेटीचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंशांचा फरक पडतो. लाइट गेल्यावर हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

वाढलेले झिंगे वेळ नदीत सोडू नका. हा मूळचा चीन-तैवानकडचा प्राणी. पोलंड, जर्मनीत तो लोकांच्या पेट्यांतून गरम पाण्याच्या ओढ्या-कालव्यांत पोहोचला आणि तिथेच नांदू लागला. वेळेचं पाणी पुढे भीमेला जातं, आणि तिथे आपले स्वतःचे झिंगे आहेत. जास्तीचे झिंगे मूठभर मॉससकट शेजारच्या पोराला द्या.