शेतीचे संशोधन आणि आमचा गल्ला

डाळिंबाच्या मोसमात मार्केट यार्डात एका बागवान बांधवाच्या गाळ्यावर आम्ही बसलो होतो. समोर क्रेट उघडली जात होती. चार क्रेट चांगली निघाली की पाचव्यात काळे, तेलकट डाग पडलेली, उकललेली फळे निघत. ‘तेल्या’ रोगाचा माल. भाव निम्म्यावर आला आणि शेतकऱ्याबरोबर अडत्याचाही चेहरा उतरला. उचल दिलेली रक्कम आता कशी फिटणार, ही चिंता दोघांची सारखीच होती.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की शेतीचे संशोधन म्हटले की आपले व्यापारी बांधव ‘तो शेतकऱ्यांचा आणि सरकारचा प्रश्न’ म्हणून पान उलटतात. आमच्या मते ही मोठी चूक आहे. बागवानांचे फळ, तांबोळ्यांचे पान, पिंजाऱ्यांचा कापूस, मोमीन बांधवांचे सूत या साऱ्यांचे मूळ जमिनीत आहे. जमीन नासली, की त्याचा पहिला फटका शेताला आणि दुसरा आपल्या गल्ल्याला बसतो.

अलीकडच्या काळातील उदाहरणे पाहा. बीटी कापसाला आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. सुरुवातीस फवारण्या कमी झाल्या म्हणून सगळे खूश होते. पण गुलाबी बोंडअळी त्यास सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात तिने हाहाकार केला. किडका कापूस जिनिंगला आला, धाग्याची प्रत घसरली. दुसरे उदाहरण द्राक्षांचे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. माल दिसायला उत्तम होता, तरी व्यापार बुडाला. फवारणी किती करावी, कधी थांबवावी, जमिनीचा कस कसा राखावा, हे प्रश्न म्हणूनच दुकानदारीचेही प्रश्न आहेत. टिकाऊ शेती म्हणतात ती हीच.

या प्रश्नांची उत्तरे कोण शोधतो? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे आपल्या राज्याची चार कृषी विद्यापीठे आहेत. ज्या ‘भगवा’ डाळिंबावर आज कित्येक बागवानांची घरे चालतात, ते वाण राहुरीच्या विद्यापीठाचे. सोलापुरास 2005 पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणारी मुले-मुलीच उन्हातान्हात प्लॉटवर उभी राहून नोंदी घेतात. परंतु मातीचे नमुने तपासणे, फळातील औषधाचे अंश मोजणे, गावोगाव फिरणे याला पैसा लागतो. तो नसला की विद्यार्थी स्वस्तात उरकेल असा विषय घेतो आणि बाजाराला हवा असलेला प्रश्न तसाच राहतो.

आपल्या समाजापुरते बोलायचे, तर अडचण अधिक आहे. 2009 साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप अल्पसंख्याक समाजांतील संशोधक विद्यार्थ्यांना आधार होती. ती 2022-23 पासून बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे, असे कारण डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत देण्यात आले. निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद होत राहील. पण वाद चालू असताना मुलांची वर्षे निघून जातात, त्याचे काय?

अमेरिकेतील एक योजना येथे विचारात घेण्यासारखी आहे. तेथे 1988 साली शेती खात्याच्या पैशातून टिकाऊ शेतीच्या संशोधन व शिक्षणाचा ‘सेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. देशाचे चार विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या मंडळावर शास्त्रज्ञांबरोबर शेतकरी आणि शेतमालाशी संबंधित व्यावसायिकही बसवले. या कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी लहान अनुदाने ठेवली. विद्यार्थ्याने मार्गदर्शक प्राध्यापकासह अर्ज करायचा, आणि या कामाचा शेतकऱ्याला काय उपयोग व निष्कर्ष त्याच्यापर्यंत कसे पोहोचवणार, हे आधीच लिहून द्यायचे. प्रबंध कपाटात ठेवून चालत नाही. आम्हास या योजनेतील रकमेपेक्षा ही अट अधिक मोलाची वाटते.

काही बांधव म्हणतील, ‘आम्ही कर भरतो, बाजार समितीचा सेस भरतो, आता वजीफाही आम्हीच द्यायचा?’ तक्रार रास्त आहे. सरकारची जबाबदारी सुटत नाही आणि तिची मागणी सोडूही नये. पण ज्याला प्रश्न विचारायचा आहे, त्याने थोडा खर्च उचलला तर उत्तर त्याच्या उपयोगाचे मिळते. लग्नसराईत एका मांडवावर आपण किती उडवतो, याचा हिशेब ज्याने त्याने घरी करावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एका बाजारपेठेतील व्यापारी संघटनेने एका हंगामासाठी एका विद्यार्थ्याचा तपासणी व प्रवासाचा खर्च उचलावा. निवडीसाठी एक शेतकरी, एक व्यापारी आणि एक प्राध्यापक बसावेत. रक्कम विद्यापीठामार्फत द्यावी, म्हणजे हिशेब चोख राहील. निर्णय उन्हाळ्यातच व्हावा, कारण जूनची पेरणी एकदा हुकली, की पैसा हाती असूनही वर्ष वाया जाते. शेवटी विद्यार्थ्याने मार्केट यार्डात येऊन मराठीत आणि सोप्या शब्दांत निष्कर्ष सांगावेत.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, पैसे देणाऱ्याने निष्कर्षात ढवळाढवळ करू नये. आपण विकतो त्या औषधात दोष निघाला तरी तो ऐकून घ्यावा. दुसरे, विद्यार्थी कोणत्या समाजाचा हे पाहू नये, प्रश्न चांगला आहे का ते पाहावे. तेल्या रोग बागेच्या मालकाची जात विचारत नाही. मात्र आपल्या घरातील मुले-मुली या विद्यापीठांच्या दारापर्यंत पोहोचावीत, याचा प्रयत्न आपणच करायचा आहे. बागवानाच्या ज्या मुलीने लहानपणापासून फळ हातात घेऊन पारखले, तिच्याहून चांगला प्रश्न कोण विचारणार?

नासका माल बाजूला काढण्याचे हुन्नर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. माल नासतो का, हे शोधणाऱ्याला हात देण्याची वेळ आता आली आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी एखाद्या संघटनेने जरी पहिले पाऊल टाकले, तरी बाकीचे मागून येतील, अशी आम्हास खात्री वाटते.